उभ्या पायाचं माप

माझं अक्षर चांगलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही, जोडाक्षर आलं की पेन थांबतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि लिहिण्याचं काम फारसं पडलं नाही. किराण्याची यादी लिहायची, सहीच्या जागी नाव लिहायचं, एवढंच. म्हणून हे कुणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे. तोंडाने सांगायला गेले की माझे शब्द अडकतात, कागदावर तेवढे अडकत नाहीत.

गोष्ट पायांची आहे. पायांबद्दल काय लिहायचं, असं मलाही वाटलं होतं. पण दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी या पायांपायी जायला निघाली होती.

माझे पाय पुढून पसरट आणि मागून बारीक. दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, उजव्याचं जास्त. वरची कातडी अशी की नव्या चपलेचा पट्टा अर्धा तास घासला तरी फोड येतो. लहानपणी वैरागजवळच्या आमच्या गावात हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. शेतात, विहिरीवर, शाळेत, सगळीकडे अनवाणीच होतो. लग्नात सोनेरी पट्ट्याच्या चपला आल्या, त्या मी मांडवातून बाहेर पडताना हातात घेतल्या. सासूबाईंनी ते पाहिलं आणि घरी आल्यावर सगळ्या बायकांत म्हणाल्या, "सुनेचे पाय बगा, उलथनं हाय नुसतं." सगळ्या हसल्या. सासूबाई मनाने वाईट नव्हत्या. पुढे माझ्या बाळंतपणात त्यांनीच माझ्या पायांना तेल लावलं. पण तेव्हापासून मी पाय साडीत ओढून बसायला शिकले.

सोलापुरात अनवाणी चालणं जमत नाही. एप्रिल-मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं. मी नवऱ्याच्या जुन्या स्लिपरा घालायला लागले. आमच्या दोघांचं माप जवळजवळ एकच. ते रिक्षा चालवतात. सकाळी निघताना दारात उभे राहून विचारायचे, "माजी चप्पल तुज्या पायात हाय का माज्या?" आपल्या दोघांत एकच जोड घेऊ, पैसे वाचतील, असंही म्हणायचे. ते गमतीने म्हणायचे आणि मी हसायचे. पण लग्नकार्याला जाताना गड्याच्या स्लिपरा घालून जाणं बरं दिसत नाही, म्हणून दर एक-दोन वर्षांनी मी नव्या पेठेत बायकांच्या चपला घ्यायला जायची.

दुकानात काय व्हायचं ते लिहायला मला अजून लाज वाटते. दुकानदार एक खोका काढायचा, तो पायात जायचा नाही. दुसरा काढायचा, तिसरा काढायचा. बायकांचं सगळ्यात मोठं माप लांबीला बसायचं, पण रुंदीला नाही. गड्यांचं घेतलं तर पुढून बसायचं आणि मागून टाच निसटायची. तोपर्यंत माझ्यापुढे खोक्यांचा ढीग लागलेला असायचा आणि दुकानदाराच्या कपाळावर घाम. मग तो म्हणायचा, चामडं आहे ताई, दोन दिवसांत सैल पडतंय. तो खरं बोलत नाही हे मला ठाऊक असायचं. तरी त्याला एवढं खाली-वर करायला लावून रिकाम्या हाताने उठणं मला जमायचं नाही. मी पैसे द्यायची आणि घरी येऊन तो जोड पलंगाखाली सरकवून द्यायची. पलंगाखाली असे बरेच जोड जमले होते, सगळे नवेकोरे. माझी मुलगी पाहुण्यांना सांगायची, आईचं खाली चपलांचं दुकान आहे.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. टॉवेल तपासायचा, सुटलेले दोरे छोट्या कात्रीने कापायचे, घडी घालायची, पिशवीत भरायचा. सगळं काम उभ्याने. टेबलाजवळ आम्ही बायका चपला काढून ठेवायचो आणि खाली पुठ्ठा टाकून त्यावर उभ्या राहायचो. माझे पाय तिथे सुखात होते.

एकदा गठ्ठ्यांची ढकलगाडी एका मुलीच्या पायावरून गेली. तिचं बोट मोडलं. माल परदेशात जातो, आणि तिकडची माणसं येऊन कारखाना तपासून जातात. त्यांना हे कळलं असावं. वरून हुकूम आला की आत काम करणाऱ्या सगळ्यांनी काळे, बंद, पुढून कडक असलेले बूट घालायचे. कारखान्याने ते फुकट वाटले. त्या मुलीचं बोट मोडलं तेव्हा मीच तिला पाणी पाजलं होतं, त्यामुळे हुकूम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण बूट गड्यांच्या मापाचे होते, आतून शिवणी वर आलेल्या, आणि पुढची टोपी लोखंडासारखी. बाकीच्या बायकांनी पहिले चार दिवस कुरकुर केली, मग मोजे घालून रुळल्या. साडीखाली बूट बघून एकमेकींना पोलीस, पोलीस म्हणून चिडवायच्या.

माझं रुळणं काही झालं नाही. मी जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून पायाला गुंडाळल्या. पट्ट्यांनी बूट आणखी घट्ट झाले. फोड आले, फुटले, पुन्हा आले. संध्याकाळी मोजा काढताना कातडीला चिकटलेला असायचा. तो मी न्हाणीत कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवायची, म्हणजे घरात कुणाला दिसू नये. मुलगी नर्सिंगचं शिकत होती, वसतिगृहातून अधूनमधून घरी यायची. तिला दिसलं असतं तर तिने काम सोड म्हणून हट्ट धरला असता, आणि काम सोडलं असतं तर तिचीच फी भरता आली नसती. रिक्षाच्या कमाईत घर चालत होतं, फी नाही. फी माझ्या पगारातून जात होती.

मग मी बुटांच्या टाचा आत दुमडून ते चपलेसारखे घालायला लागले. आमची सुपरवायझर तरुण मुलगी आहे, लातूरकडची. तिने ते पाहिलं. सगळ्यांसमोर काही बोलली नाही, जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं.

"मावशी, मला तुमचं कळतंय," ती म्हणाली. "पण तपासणीला लोक येणार आहेत. त्या दिवशी तुमच्या पायात नीट बूट नसले तर मला तुम्हाला घरी बसवावं लागेल. मग परत घेतील का नाही, ते माझ्या हातात नाही."

बाहेरून करून आणले तरी चालतील, असंही तिने सांगितलं. फक्त काळे, बंद आणि पुढून कडक पाहिजेत. मी मान हलवली. मला विचारायचं होतं की बाहेरून म्हणजे कुठून, पण विचारलं नाही.

ते अक्काने सांगितलं. अक्का म्हणजे माझ्या समोर उभी राहून घड्या घालणारी. तिच्या घरी तेलुगू बोलतात, तिचे सासरे हातमागावर साड्या विणायचे. वयाने माझ्याएवढीच आहे, पण सगळ्या तिला अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. तिच्या नवऱ्याचा एक पाय लहानपणापासून आखूड आहे. त्यांच्यासाठी एक बूट उंच करून देणारे चर्मकार काका बाळीवेशीजवळ एका टपरीत बसतात. त्यांच्याकडे जा, ती म्हणाली, ते कसल्याही पायाचं करतात.

मी एका रविवारी गेले. पत्र्याची लहानशी टपरी. आत लाकडी साचे टांगलेले, खाली गोणपाटावर काका बसलेले. माझे वडील असते तर त्याच वयाचे असते. अक्कलकोटच्या पलीकडच्या गावचे असावेत, कारण गिऱ्हाईक आलं की आधी "बर्री" म्हणायचे, म्हणजे या. मी काय पाहिजे ते कसंबसं सांगितलं. त्यांनी हातातली आरी खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे दोन्ही हात करून म्हणाले, पाय पुढं करा.

मला पाय पुढे करता आला नाही.

आमच्याकडे मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तर लगेच हात जोडतात. लहानपणापासून ते अंगात भिनलेलं आहे. एसटीत पाय लागला तरी माझा हात आपोआप छातीशी जातो. आणि इथे वडिलांच्या वयाचा माणूस माझा पाय स्वतःच्या हातात मागत होता. तोही असा पाय. मी पाय साडीत आणखी आत ओढला आणि पुटपुटले की मी घरून कागदावर काढून आणते. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, बरं. आणि आरी उचलून कामाला लागले. मला वाटलं, कामात आहेत.

घरी आले. जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा करून फरशीवर ठेवला, एक गुडघा वर करून बसले आणि मुलीच्या पेन्सिलीने स्वतःच पायाभोवती रेघ ओढली. मुलगी वसतिगृहात होती आणि नवऱ्याला सांगायला संकोच वाटला. अंगठ्याजवळ हाड बाहेर आलेलं आहे तिथे पेन्सिल थोडी आतून गेली. मुद्दाम केलं नाही, पण हात तसा वळला. कागदावरचा पाय बराच चांगला दिसत होता. मी तो घडी घालून नेऊन दिला आणि साठवलेल्या पैशांतून जोडाचे सगळे पैसेही देऊन टाकले.

बूट सुंदर झाले होते. मऊ काळं चामडं, पुढे कडक टोपी, आतून शिवण कुठे हाताला लागत नव्हती. मी टपरीच्या फळीवर बसून ते चढवले. जरा घट्ट गेले. बसले का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला कळलं की बसले नाहीत. कारखान्याच्या बुटांसारखं सोलत नव्हते, पण दोन्ही बाजूंनी असे दाबत होते की संध्याकाळी फाटकापर्यंत चालताना मी भिंतीला हात लावत गेले. अक्काने ते बघितलं. परत जाऊन सांग, म्हणाली. मी म्हणाले, पैसे दिलेत, बसले म्हणून सांगितलंय, आता कुठल्या तोंडाने जाऊ. तिने हातातला टॉवेल टेबलावर टाकला.

"तोंड हाय का न्हाय तुला? पाय तुजे, नोकरी तुजी, पोरगी तुजी. आणि लाजतीस कुणाला, चपला करणाऱ्याला?"

तपासणी जवळ आली होती. दोन दिवस मी काम सोडण्याचाच विचार करत होते. भाकऱ्या करून विकाव्यात का, कुणाकडे धुणी-भांडी धरावीत का. कशाचंच गणित फीपर्यंत पोहोचत नव्हतं. शेवटी कामावरून सुटल्यावर अक्कानेच मला रिक्षात घातलं आणि बाळीवेशीत उतरवलं. ती स्वतः टपरीपर्यंत आली नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी थांबली आणि म्हणाली, मी हितं मेथी बघते, आत तूच बोल.

मी पिशवीतून बूट काढून काकांच्या पुढे ठेवले. काही बोलायच्या आधीच त्यांनी ते उचलून आत बोटं घातली. कुठे चामडं ताणलंय ते बोटांनीच बघितलं असावं.

"कागदाला बूट केला मी," ते म्हणाले. "पायाला कुटं केला?"

ते रापीने चामड्याचा एक तुकडा तासत होते, माझ्याकडे न बघता बोलले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"हात लावू दिला असता तर ही पाळी आली नसती. आमच्या हाताचं वावडं असतंय काही लोकांना. मला नवीन न्हाय ते."

मला आधी त्यांचं बोलणं कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी पाय ओढून घेतला, कागद आणते म्हणाले, आणि हा माणूस इतके दिवस हे मनात धरून होता. तरी त्याने एवढं चांगलं काम करून दिलं होतं. घरी जाऊन रडायचं, मग सगळं आपोआप विरून जातं, अशी माझी सवय होती. पण मी तशीच उठून गेले असते तर त्यांना वाटत होतं तेच खरं ठरलं असतं. मी फळीवर बसून राहिले. शब्द जुळवायला वेळ लागला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन चपलेचा अंगठा शिवून घेऊन गेलंसुद्धा.

"तसं न्हाय काका," मी म्हणाले. "तुमी माज्या वडलांच्या वयाचे. तुमच्या हातात पाय कसा द्यायचा? पाप लागतंय की."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"मग माझं सगळं गिऱ्हाईक नरकात गेलं म्हणायचं," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मी फळीवरून उठले. "आदी मी तुमच्या पाया पडते," मी म्हणाले. "मग तुमी माजा पाय धरा. म्हंजे फिटलं."

मी वाकले तर त्यांनीच पाय धोतरात ओढून घेतले. अवो नका, नका, म्हणायला लागले. मी जशी त्यांच्यापुढे आकसले होते, तसेच ते आकसले. रस्त्यावरची माणसं बघत होती. मी वाकलेलीच राहिले, कारण आता उभी राहिले असते तर पुन्हा धीर झाला नसता. शेवटी त्यांनी एक पाय थोडा बाहेर केला. मी हात लावून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यापर्यंत हात आणला आणि टेकवायचा की नाही या विचारात तसाच धरला. मग टेकवला.

"ह्यानं पैशे कमी व्हायचे न्हायीत बरं का," ते म्हणाले.

मग त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि मला त्यावर उभं राहायला सांगितलं. बसू नका, उभं ऱ्हावा, सगळा भार द्या. मी उभी राहिले. पाय पसरला. घरी बसून काढलेला कागद त्यांनी शेजारी ठेवला तेव्हा मला दिसलं, दोन वेगळ्या बायकांचे पाय असावेत असा फरक होता. त्यातून मी कामावरून आलेली, पाय सुजलेले. हीच वेळ बरी, ते म्हणाले, सकाळच्या पायाचा बूट संध्याकाळी चावतो. त्यांनी कागदाच्या पट्टीने पंजा मोजला, टाच मोजली, घोट्याखाली मोजलं. मग हाडाभोवती अंगठा फिरवला, अगदी हळू.

"हितं दुखतंय?"

"दुखतंय की."

"लई दिवस?"

"व्हय. लई."

ते हं म्हणाले आणि हाडाच्या जागी पेन्सिलीने गोल काढला. त्यांनी तो लहान केला नाही, होता तेवढाच काढला. जोडव्यांकडे बघून त्यांनी विचारलं की ही बुटात काढून ठेवता का. मी नाही म्हणाले. मग जोडव्यांसाठीही वर जागा ठेवतो, म्हणाले.

नव्या जोडाचे पैसे माझ्याकडे नव्हते, ते मी सांगितलं. त्या दिवशी मला सगळंच सांगता येत होतं. ते म्हणाले, चामड्याचे तेवढे सवडीने द्या, मजुरी नको, कागदावर विश्वास ठेवला ही माझीही चूक. मी म्हणाले, रेघ मी ओढली होती, मजुरीही देणार. त्यावर आमची घासाघीस झाली. गिऱ्हाईक जास्त देतो म्हणतंय आणि दुकानदार कमी घेतो म्हणतोय, हे ऐकून कोपऱ्यावरून मेथी घेऊन आलेली अक्का म्हणाली, तुमचं दोघांचं डोकं ठिकाणावर हाय का?

बूट तयार होईपर्यंत मला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा संध्याकाळी. दोन्ही वेळा उभं करून चालायला लावलं. बसले का, असं त्यांनी विचारलं की मी लगेच हो म्हणत नव्हते. टपरीपासून चौकापर्यंत चालून यायची आणि मग सांगायची. एकदा डाव्या करंगळीजवळ टोचलं ते सांगितलं. त्यांनी साचा पुन्हा आत घालून तेवढी जागा फुगवली. बूट दिसायला रुंद झाले, पुढून बोथट. पहिल्या जोडासारखे देखणे नव्हते. घरी हे म्हणाले, आता मला तुझे बूट बसायचे न्हायीत, मागनं बारीक हायत. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं झालं, म्हणून मी त्यांच्या स्लिपरा घरात घालायला ठेवल्या.

तपासणीच्या दिवशी तीन माणसं आली, बरोबर आमचे साहेब. त्यांनी आगीची बाटली बघितली, दारं बघितली, मशीनची झाकणं बघितली. आमच्या टेबलापाशी आले तेव्हा एकाने खाली सगळ्यांच्या पायांकडे नजर टाकली, हातातल्या कागदावर काही खूण केली आणि पुढे गेला. माझ्या पायांपाशी थांबलासुद्धा नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पायांकडे बघून कुणी काही म्हटलं नाही. मी हातातल्या टॉवेलचा दोरा कापला. जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर जवळ आली, वाकून बुटांना बोट लावून बघितलं आणि पत्ता लिहून घेतला. तिच्या आईला पाहिजे होते.

पगार चालू राहिला. दर महिन्याला फी आणि वाणसामान काढून जे उरायचं त्यातलं मी बाळीवेशीत नेऊन द्यायची. कधी कमी, कधी जास्त. एका महिन्यात नवऱ्याची रिक्षा बिघडली, तेव्हा काहीच देता आलं नाही, तरी मी जाऊन तेवढं सांगून आले. पूर्वी अशा वेळी मी दुसऱ्या रस्त्याने घरी गेले असते. काका दर वेळी आधी पायांची चौकशी करायचे, मग पैसे घ्यायचे. चामड्याचे पैसे फिटले त्या दिवशी म्हणाले, आता येऊ नका, झालं. मी पुढच्या महिन्यात मजुरी घेऊन गेले.

दिवाळीच्या आधीचा पगार झाला त्या संध्याकाळी शेवटचे पैसे घेऊन गेले. टपरीत गर्दी होती, सणासुदीला लोक जुन्या चपला शिवून घ्यायला येतात. मी रांगेत उभी राहिले. नंबर आला तेव्हा नोटा पुढे केल्या आणि हे शेवटचे, असं सांगितलं. ते म्हणाले, मजुरी नको म्हणालो होतो की मी. मी म्हणाले, आणि मी देणार म्हणाले होते. त्यांनी नोटा कपाळाला लावल्या आणि आतल्या खिशात ठेवल्या. पैसे सगळे फिटले.